हळदीच्या ताटातली पुदिन्याची डबी

पुतण्याच्या हळदीत मी एकट्याने दीडशे माणसांना चक्कर आणली, अशी गोष्ट आमच्या कोपरीत अजून सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा मीच असतो, तेव्हा आकडा ज्याने त्याने आपापल्या सोयीने खाली आणावा. आमच्या विहीणबाई म्हणतात सात. माझी थोरली बहीण आक्का म्हणते नऊ, कारण ती शहाडहून आलेल्या बेंजोवाल्यांनाही माणसांत धरते. पण चक्कर आली होती आणि ती मीच आणली होती, एवढ्यावर दोघींचं एकमत आहे. त्या चकरेचे उपकार मी आजही मानतो. का, तेच सांगायला बसलोय.

आम्ही ठाणे खाडीकाठच्या कोपरीचे जुने. आजोबा मिठागरात राबले, वडील अर्धे मिठागरात आणि अर्धे शेतात. आता मीठही नाही आणि शेतही नाही, त्या जागी मजले पिकतात. पण लग्न आलं की आम्ही सगळे लिफ्टने खाली उतरून पुन्हा गावकरी होतो. घरातल्या वडीलधाऱ्या पुरुषाने मांडवातलं पानसुपारीचं ताट लावायचं, ही आमची रीत. पानं, सुपारी, कात, चुना, बडीशेप आणि मधोमध चांदीच्या वाटीत तंबाखू. ताट बघून घराची पत ठरते. माझ्या वडिलांनी लावलेलं ताट बघायला म्हणे मुंब्र्याहून माणसं होडीने येत. होडी मी पाहिलेली नाही, पण ताट पाहिलंय.

या वेळी बायकोने आधीच सांगून टाकलं, "ताटात तंबाखू ठेवायची नाय. पोरंटोरं असतात."

मी लगेच हो म्हटलं. कारण मी स्वतः तंबाखू सोडून बारा वर्षं झाली, असं मी घरात सांगत असे. माझ्याकडे दोन चष्मे होते, एक लांबचा आणि एक जवळचा, आणि त्यांची दोन घरं. त्यातला जवळचा चष्मा कधीच फुटून गेलेला. त्यामुळे खिशातल्या एका घरात चष्मा राहायचा आणि दुसऱ्या घरात भाडेकरू. भाडेकरू कोण, ते सुज्ञांना सांगायला नको.

तर तंबाखू गेली आणि मधली वाटी रिकामी. रिकामी वाटी ताटात म्हणजे समोरचे दोन दात पडलेला नवरदेव. मी आतल्या खोलीत गेलो. तिथे माझ्या नातीची बॅग उघडी पडलेली. नात कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, ठाण्यालाच जाते. बॅगेत चपट्या गोल अशा चार डब्या, झाकणावर पुदिन्याचं पान. उघडून बघतो तर आत पांढऱ्याशुभ्र इवल्या इवल्या पुड्या, मुंगीने डोक्याखाली उशी म्हणून घ्याव्यात एवढ्या. वास गारेगार. म्हटलं, वा! परदेशी मुखवास! पोरीला आजोबांच्या ताटाची काळजी आहे हो. मी तीन डब्या वाटीत उपड्या केल्या. ताट असं खुललं की मी स्वतःच त्याला दोनदा नमस्कार केला.

हळद सकाळची होती. आक्का मांडवात बसून धवले गात होती. ती धवलारीण आहे. आमच्याकडे लग्नात भटजीच्याही आधी तिचा मान, तिच्या गाण्याशिवाय नवऱ्याच्या अंगाला हळद लागत नाही. पंच्याहत्तरी गाठलेली बाई, पण आवाज असा की तिने कोपरीत सूर लावला तर खाडीपलीकडचे बगळे उठतात.

ताट फिरलं. पाहुण्यांनी पुड्या उचलल्या, गालात ठेवल्या, काहींनी चावल्यासुद्धा. पाच मिनिटांत मांडवाची हवा बदलली. माझे एक मामा खुर्चीवर बसल्या बसल्या खुर्चीला धरून राहिले, जणू ती पळून जाईल. बेंजोवाला एकाच सुरावर अडकला आणि पुढचा सूर शोधायला आकाशात बघू लागला. उचक्यांची तर अशी लागण झाली की ढोलकीवाल्याने त्यांच्यावरच ठेका धरला. मी खूश. मला वाटलं, रंग भरलाय.

तेवढ्यात पाच-सहा वर्षांच्या एका पोराने वाटीकडे हात नेला आणि आक्का गाता गाता थांबली.

हे नीट समजून घ्या. आक्का मध्येच थांबत नाही. एकदा मांडव कोसळला तेव्हाही ती कापडाखालून गात राहिलेली. त्या दिवशी मात्र ती ओळीच्या मध्यावर थांबली, उठली, वाटी उचलली आणि गालातली पुडी तळहातावर काढून सगळ्यांना दाखवली.

"कोनी ठेवलं ह्ये?"

"मी, आक्का," मी म्हटलं. "मुखवास आहे. पुदिना."

"पुदिना तुज्या तोंडात घालीन! तंबाखू हाय ही."

"अगं, पांढरी आहे. तंबाखू पांढरी असते का?"

"साठ-पासष्ट वर्सं मशेरी लावतंय मी. मना शिकवतंस तंबाखू? रंग तुज्या डोल्यांना, माज्या हिरड्यांना नाय फसवायचं."

आमच्या विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेच्या आई, पहिल्या रांगेत होत्या. डोंबिवलीच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी एक रिकामी डबी मागवून घेतली आणि बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावला. खरा चष्मा. वाचून झाल्यावर त्या अगदी हळू म्हणाल्या, "आक्का बरोबर सांगताहेत. तंबाखूमुक्त असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि खाली बारीक अक्षरांत निकोटीन." मग त्यांनी विचारलं, "ह्या डब्या कुणाच्या?"

माझी नात मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर हळद लावली असती तरी पिवळेपणात फरक पडला नसता. मी आयुष्यात शंभर थापा एका दमात मारल्या आहेत, त्या क्षणी मला एकही सुचली नाही.

पाहुण्यांना लिंबूसरबत पाजलं, वाऱ्यावर बसवलं. तासाभरात सगळे जेवायच्या ताकदीचे झाले. जेवणं उरकल्यावर आतल्या खोलीत आम्ही चौघं बसलो: आक्का, विहीणबाई, मी आणि नात. पोरगी रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली.

"आधी वेप होतं, ई-सिगारेट," ती म्हणाली. "मैत्रिणीने दिलेलं. हायलायटर पेनासारखं दिसतं. वर्गात बाकावर ठेवलं तरी कळत नाही."

"पण त्यावर तर देशभर बंदी आहे," विहीणबाई म्हणाल्या.

"आहे ना, आजी. तरी मिळतं. मोबाईलवर मेसेज टाकला की गेटपर्यंत येतं. मग त्याचा वास येईल म्हणून ह्या पुड्या घ्यायला लागले. तंबाखू नाही असं लिहिलेलं, म्हणून वाटलं काही नाही होणार." मग तिने माझ्याकडे बघितलं. "आबा, लेक्चर संपेपर्यंतसुद्धा राहवत नाही आता. दोनदा सोडून बघितलं. हात थरथरतात. मला सुटत नाहीये."

मला वाटलं, आता आक्का हिला फाडून खाणार. आक्काने कमरेला खोचलेली पितळी डबी काढली, मशेरीची. मशेरी म्हणजे तव्यावर काळीकुट्ट होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, दात घासायच्या नावाखाली बायका दिवसभर बोटाने लावतात. ही डबी मी माझ्या जन्मापासून पाहतोय. ती आक्काने मांडीवर ठेवली.

"मी तुज्याहून बारकी व्हती," ती म्हणाली. "दात दुकत व्हता. आयनी बोटावर मशेरी दिली, बोलली, घास. घासली. दुकायचा थांबला, घासायचं नाय थांबलं. कोनी सांगितला नाय, गो, का ही तंबाखू हाय. सगल्या बोलायच्या, दातांचं औशद हाय. मना औशद बोलून दिली, तुला पुदिना बोलून दिली. येकच हाय ना?"

आणि मग आक्काने जे केलं, ते आमच्या घराण्यात कुणी केलेलं नाही. तिने डबी नातीच्या हातात दिली.

"ही तुज्याजवल ठेव. तुजी मना दे. तू माजी राखन कर, मी तुजी करतंय. मना पायजे झाली तर तुज्याकडं हात पसरायला लागंल, तुला पायजे झाली तर माज्याकडं. बघू कोन आधी लाज सोडते."

नातीने चौथी, अर्धी भरलेली डबी दिली. आक्काने ती उघडून पुड्या मोजल्या, सात, आणि लुगड्याच्या ओच्यात बांधली. मी दोघींकडे बघून डोळे पुसले आणि नकळत खिसा चाचपला. चष्म्याची दोन्ही घरं जागेवर होती.

पुढचे दिवस आक्काने काय भोगलं, ते मी सांगितलं तर तुम्ही अतिशयोक्ती म्हणाल, म्हणून मी फक्त अर्धं सांगतो. तिने जाडं मीठ घेऊन दात घासायला सुरुवात केली, एवढं की आमच्या मिठागरातून आयुष्यभर निघालं नसेल तेवढं मीठ तिच्या एका न्हाणीघरात लागलं. पहिल्या आठवड्यात तिने तीन सुनांशी, एका रिक्षावाल्याशी आणि टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्याशी भांडण केलं. नात रोज कॉलेजातून येताना तिच्याकडे जायची. नातीला विहीणबाईंनी डॉक्टरांकडेही नेलं, समुपदेशन सुरू केलं. परीक्षेच्या आधी तिने एकदा बाहेरून एक डबी घेतली आणि त्याच संध्याकाळी आक्काला सांगितलं. आक्का म्हणाली, "मीपन शेजारनीच्या घरात येक बोट मारलंय परवा. चल, दोगींचा पयला दिवस परत."

इकडे विहीणबाई पेटल्या. त्या आणि त्यांच्या डोंबिवलीतल्या चार निवृत्त मैत्रिणी आधीपासून दिल्लीला निवेदन पाठवायच्या तयारीत होत्या. आता त्यांना धार आली. त्यांचं म्हणणं असं होतं, की वेपची बंदी कागदावर आहे, ती ऑनलाइन विक्रीवर आणि घरपोच पोचवणाऱ्यांवर नीट चालवा. आणि ह्या पुड्यांसारखं जे नवं नवं निघतंय, ते कायद्याच्या दोन शब्दांमधल्या फटीतून घरात शिरतंय, ती फट बुजवा. एकट्या राज्याने हे होणार नाही, कारण पार्सलला राज्याची वेस कळत नाही. देशाचा एकच नियम हवा.

"व्याही," त्या मला म्हणाल्या, "मागण्या आम्ही लिहू. पण घरात काय घडलं, ते एका पानात तुम्ही लिहा. तुमच्याइतकं रंगवून कुणी सांगत नाही."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी अठरा पानं लिहिली. त्यात हळदीच्या मांडवात चारशे माणसं कोसळली, रुग्णवाहिका ठाण्यापासून भिवंडीपर्यंत रांगेत उभ्या राहिल्या, आणि नवरदेव बेशुद्धीतच बोहल्यावर चढला. घेऊन डोंबिवलीला गेलो. विहीणबाईंनी लाल पेन काढलं. चहा दोनदा गार झाला.

"यातलं खरं किती?"

"भावना सगळी खरी आहे."

"दिल्लीत भावनेची पडताळणी होत नाही, आकड्यांची होते. एक आकडा खोटा निघाला तर आक्कांचं खरंही खोटं ठरेल. आणि त्या पोरीचंही." त्यांनी पेन टेकवलं. "रुग्णवाहिका किती आल्या?"

"...एकही नाही."

सटासट लाल रेघा. चारशे गेले, भिवंडी गेली, नवरदेव शुद्धीवर आला. माझ्या लेखणीतून निघालेली फौज त्या बाईने एका दुपारी गारद केली. उरलं दीड पान, त्यातलं पाऊण पान आक्काच्याच शब्दांचं. आणि शेवटी माझं एक वाक्य: "मी या कुटुंबाचा वडीलधारा असून स्वतः तंबाखूला हात लावत नाही."

त्यापाशी लाल पेन थांबलं. विहीणबाई हसल्या आणि बाजूला बरोबरची खूण केली. "हे बघा. साधं, छोटं आणि खरं. असं लिहायचं असतं, व्याही."

मी चहाचा कप तोंडाला लावला. रिकामा होता, तरी बराच वेळ पीत राहिलो.

निवेदन खासदारांच्या कार्यालयातून पुढे जावं, म्हणून आम्ही चौघं ठाण्याला गेलो. कार्यालय कुणाचं ते सोडा. साहेब दौऱ्यावर होते. त्यांचे सचिव पन्नाशीचे, उजवा गाल भरलेला. बोलायचं झालं की हनुवटी छताकडे करायचे आणि "ऊं" म्हणायचे. दोनदा खिडकीपाशी जाऊन मोकळे होऊन आले, तेव्हा वाचा फुटली.

त्यांनी दीड पान उभ्यानेच वाचलं. मग आक्काला विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः एवढी वर्षं मशेरी लावलीत, आणि आता बंदी मागता? वर कोणी हेच विचारलं तर?"

"तर त्येला बोल, जी पडली तिलाच म्हाईत खड्डा कुठं हाय," आक्का म्हणाली. "तुज्या गालात काय हाय? तू सांग ना, मागू का नको मागू?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो, माझ्या गालाकडे कुणी बघू नये म्हणून. मग त्या माणसाने खुर्ची ओढली, आमचा कागद समोर घेतला आणि तास दीड तास आमच्यासाठी खपला. विषय एका ओळीत कसा लिहायचा, कुठल्या मंत्रालयाला मूळ प्रत आणि कुणाला नक्कल, मागणीत 'अमुक वस्तू' न म्हणता 'ज्यात निकोटीन आहे ते सर्व, डॉक्टरांच्या उपचाराचं सोडून' असं का म्हणायचं, सगळं दाखवलं. "वस्तूचं नाव लिहिलंत तर ते उद्या नाव बदलतील," तो म्हणाला. त्या अनोळखी माणसाचं ऋण माझ्यावर आहे, गालासकट.

सह्यांची वेळ आली. विहीणबाई नातीला म्हणाल्या, "तुझी नको. 'एक विद्यार्थिनी' एवढं पुरे. कॉलेजात उगाच चर्चा नको."

पोरीने हातात आक्काची पितळी डबी धरलेली होती, रोजच धरायची. ती म्हणाली, "आक्कांची सही आहे ना? मग माझी पण." आणि आक्काच्या वाकड्यातिकड्या अक्षरांखाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं. मीही सही केली. माझी सही सगळ्यांत मोठी होती आणि तिच्यावर माझं ते वाक्य.

उत्तर यायला काही महिने लागले. मी कोपरीत सांगितलं, की दिल्ली हादरलीय. खरं पत्र चार ओळींचं होतं: निवेदन मिळालं, संबंधित विभागाकडे पाठवलं, अधिक माहिती असल्यास पाठवावी. विहीणबाईंनी ते चार वेळा वाचलं आणि सगळ्यांना डोंबिवलीला बोलावलं. "अधिक माहिती असल्यास," त्या म्हणाल्या. "म्हणजे दार बंद नाही केलेलं."

आम्ही त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसलो होतो तेव्हा नात आक्काला म्हणाली, "आक्का, माझी डबी दे ना."

बायकोनं आणि सुनेनं घरात किती देव पाण्यात ठेवले होते, मला माहीत होतं. आक्काच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलली नाही. तिने ओच्याची गाठ सोडली आणि डबी पुढे केली.

नातीने झाकण उघडलं. पुड्या मोजल्या. सात. मग झाकण लावलं, डबी उलटी केली आणि विहीणबाईंच्या समोर सरकवली. "आजी, मागचा मजकूर जसाच्या तसा उतरवायचाय. फोटो पण काढू. तंबाखूमुक्त किती मोठं आणि निकोटीन किती बारीक ते दाखवू त्यांना. पट्टी आहे का घरात?"

विहीणबाई पट्टी आणायला उठल्या त्या स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ थांबल्या.

आक्का म्हणाली, "माजी पन दे."

"कशाला?" पोरीने डबी छातीशी धरली.

"फोटू काड तिचापन. नव्यालाच कायदा कशाला? मशेरीवरपन लिवा, का ही दातांचं औशद नाय म्हनून. माज्या आयला कोनी सांगितला असता तर..." पितळी डबी टेबलावर पुदिन्याच्या डबीशेजारी जाऊन बसली. आत मशेरी वाळून खडा झाली होती.

मी म्हटलं, "शाब्बास! आता आपलं सगळं घर—"

"आनि तुजी?" आक्का म्हणाली.

"माझी? माझं काय. कागदात लिहिलंय ना माझं."

आक्काने माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बघितलं. "तुला डोले किती?"

"दोन."

"तोंडावर चष्मा हाय. मंग खिशात दोन घरं कोनाची?"

नात माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, तसं बघितलं असतं तर मी काहीतरी रचून सांगितलं असतं. ती हळदीच्या दिवशी मी तिच्याकडे ज्या डोळ्यांनी बघितलं होतं, तसं बघत होती. मी भाडेकरूचं घर काढून टेबलावर ठेवलं. उघडलं. चुन्याची छोटी डबी आणि तंबाखू. बारा वर्षांची थाप, एवढीशी.

विहीणबाई पट्टी घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी फाइलमधून पहिल्या निवेदनाची प्रत काढली, माझ्या वाक्याशेजारची आपली खूण शोधली आणि लाल पेनाचं टोपण उघडलं.

"थांबा," मी म्हटलं. "खोडू नका. खरं करतो."

"व्याही, हे तुम्ही—"

"मूळ प्रत दिल्लीत आहे, विहीणबाई. तिथे जाऊन खोडता येणार नाही. इथेच खरं करावं लागेल."

नातीने माझं चष्म्याचं घर उचललं आणि आपल्या बॅगेत टाकलं. "हे माझ्याकडे," ती म्हणाली. "मागायला यायचं, आबा. लाज सोडून."

दुसरं निवेदन तिन्ही फोटोंसह गेलंय. दिल्ली काय करेल ते दिल्ली जाणे, आम्ही तिसऱ्याचीही तयारी ठेवलीय. आक्का मीठ लावून दात घासते आणि मलाही देते. ते इतकं खारट असतं की समुद्रसुद्धा तोंड धुवून घेईल. नातीकडे मी आतापर्यंत दोनदा गेलोय, दोन्ही वेळा तिने बडीशेप दिली आणि बॅग उघडली नाही. आज माझा तेविसावा दिवस आहे. हा आकडा खाली आणू नका, विहीणबाईंनी तपासलेला आहे.